सुतळीचं माप

काका चहा उभ्याने प्यायचे. तोही तोंड पोळेल इतका गरम. टपरीवाल्याने कप टेबलावर ठेवला की तिसऱ्या घोटाला रिकामा. "गार व्हायची वाट कोण बगत बसंल, मालक?" असं म्हणून पुन्हा कामाला. मी आपला बशीत ओतून फुंकर घालत बसलेला असायचो, आणि त्यांना माझ्या त्या फुंकरीचाही राग यायचा.

पूर्णेत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकान माझं, पण मागचं टेबल सात वर्षं काकांचं होतं. काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. रेल्वेत सिग्नलच्या कामावर उभी हयात काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर घरात करमेना, म्हणून एक दिवस दुकानात आले, मी एक मशीन जोडत होतो ते दोन मिनिटं पाहिलं, "स्क्रू असे आवळतेत व्हय?" असं विचारलं आणि माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. तो त्यांनी परत दिला सात वर्षांनी, स्टेशनवर. त्याचं पुढे सांगतो.

टेबलापाशी खुर्ची होती. तिच्यावर त्यांची पिशवी असायची. स्वतः ते कधी टेकलेले मला आठवत नाहीत. मशीनमध्ये विंडोज टाकायला लावलं की तेवढ्या वेळात स्टेशनवर जाऊन कुठली गाडी आली, किती लेट आली, हे बघून यायचे. लाईट गेली की रस्त्यावर जाऊन डीपीकडे तोंड करून उभे. जणू यांनी डोळे वटारले की करंट येणार होता. मला ते 'मालक' म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझीही एक खोड त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरली. विकलेल्या खोक्याला खाकी चिकटपट्टी लावताना मी तिचं टोक आत मुडपतो. घरी गेल्यावर सोडताना गिऱ्हाइकाला नखाने उकरत बसावं लागू नये म्हणून. काका म्हणाले, "आख्ख्या जिल्ह्यात अशी पट्टी कुणी लावत न्हाई. चोरी केली तर पट्टीवरून सापडताल, मालक."

त्यांचं वेड मात्र एकाच गोष्टीचं होतं. पेटी. कॉम्प्युटरच्या ज्या उभ्या खोक्याला आपण कॅबिनेट म्हणतो, त्याला ते पेटी म्हणायचे. आता ज्यांनी आत डोकावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनचा सगळा जीव एका पाटीवर असतो, तिला मदरबोर्ड म्हणतात. ही पाटी मोठी, मधली, बारकी अशा मापांत येते. पाटीला भोकं असतात. कॅबिनेटच्या आत पत्र्यावर करंगळीच्या नखाएवढ्या पितळी खुंट्या बसवतात, त्यांवर पाटी अलगद ठेवून भोकांतून स्क्रू आवळायचे. पाटी पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. म्हणजे आधी पाटीचं माप, मग पेटी. इतकं साधं आहे. पण आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी पेटीच मागतं, कारण ती दिसते.

"काचेची द्या, आत लाईटं लागणारी."

"बोर्ड कोणता हाय?" काका मागून ओरडायचे.

"बोर्डाचं नंतर बघू की."

"मग पेटीचंबी नंतरच बगा."

झालं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी कपाळाला हात लावायचो आणि ते पायऱ्या उतरून थेट नांदेडचा रस्ता धरायचं. मी चिडून म्हणायचो, "काका, त्याला हवी ती देऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं?" टेबलावरच्या खिळ्याला एक्स-रेचं जुनं पाकीट टांगलेलं होतं, ते काढून काका माझ्यापुढे आपटायचे. त्यात जुन्या कॅलेंडरच्या पानांतून कापलेले बोर्डांचे आकार होते. आमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक बोर्डाचा एक कागद, भोकांसकट, कडेला गावाचं नाव लिहिलेलं. शिंप्याकडे असतात तसे. पेटी विकायची म्हणजे हा कागद आत पसरून सगळी भोकं जुळताहेत का ते बघायचं, मगच खोकं बांधायचं. दहा मिनिटांच्या कामाला एक तास.

आणि तासाने काम संपतं असंही नाही. त्यांच्या डोक्यात कायम एक खुंटी टोचत असायची. मोठ्या पेटीत लहान पाटी बसवायची तर जास्तीच्या खुंट्या काढून घ्याव्या लागतात. एखादी राहून गेली, तर ती पाटीच्या पाठीला टेकते आणि बटण दाबताच सगळं जळतं. काढलेली खुंटी ते शर्टाच्या खिशात टाकायचे, तरी मन खात्री द्यायचं नाही. माझ्या मावसभावाच्या लग्नाला मी त्यांना पोखर्णीला नेलं होतं. पंगत बसली (त्या दिवशी बहुतेक तेही बसले असावेत), वरणभात वाढून झाला, आणि पहिला घास हातात असतानाच ते माझ्याकडे वळले.

"मालक, त्या परभणीच्या वकिलाच्या पेटीतली मधली खुंटी मी काढली का?"

"काढली असेल की, काका. जेवा."

"असंल?" त्यांनी घास ताटात ठेवला. "असंल म्हणजे काय?"

आणि उठले. भरल्या ताटावरून. माझी मावशी पदर खोचून दारापर्यंत मागे धावली, स्वयंपाकात काही चुकलं का म्हणून. मिळाली त्या जीपला लटकून ते परभणीला गेले, वकिलाचं मशीन उघडून पाहिलं. खुंटी काढलेली होती. त्यांच्याच खिशात होती, कामाच्या शर्टातून काढून लग्नाच्या इस्त्रीच्या शर्टात त्यांनीच टाकलेली. मावशी आजही मला विचारते, तुझे ते काका वरणात मीठ कमी होतं म्हणून उठले का रे?

एकदा लाईट गेलेली असताना, डीपीकडे तोंड करूनच, त्यांनी मला त्या खुंटीचं मूळ सांगितलं. लेकीसाठी पहिलं मशीन त्यांनी स्वतः जोडलं होतं. सुटे भाग आणून, घरातल्या घरात. लेक शेजारी उभी. बटण दाबलं आणि जळका वास आला. एक खुंटी खाली राहिली होती. "वरडली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "कायबी बोलली न्हाई. आत गेली अन् वही घेऊन बसली. तवापासून माझं हे असं." लाईट आली, ते आत वळले आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता माझ्याकडे येतो. इथून पुढे मला माझाच राग येतो, तेव्हा लिहिताना हात जरा जोरात चालला तर समजून घ्या.

दसरा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. त्या दिवशी काका चुडाव्याला गेले होते. तिथल्या एका मास्तरांच्या मशीनचा एक स्क्रू आपण पुरेसा आवळला की नाही, अशी शंका त्यांना सकाळी दात घासताना आली होती. मी दुकानात एकटा, खूश. अशात एक बाई आली. चाळिशीच्या आतली, डोक्यावर पदर, हातात सुतळी. सुतळीला दोन गाठी मारलेल्या.

"ह्या दोन गाठीच्या मापात मावंल अशी पेटी द्या, दादा."

लेक परभणीला डिप्लोमाला होती. तिने कॉलेजातल्या एका मोठ्या मुलीकडून जुनं मशीन घेतलं होतं. आतलं सगळं चालू होतं, फक्त कॅबिनेट गंजून सडलं होतं. पोरीच्या खोलीत टेबल नव्हतं. खाली ठेवलं तर उंदीर, ओल. भिंतीत एक कोनाडा होता. बाईने परभणीला जाऊन सुतळीने तो कोनाडा मोजला होता, उंचीला एक गाठ, आत किती खोल त्याला दुसरी.

'बोर्ड कोणता आहे?' हा प्रश्न माझ्या अगदी जिभेवर आला होता. मी तो गिळला. कारण तो काकांचा प्रश्न होता, आणि सात दिवसांत त्या प्रश्नाने माझी तीन गिऱ्हाइकं घालवली होती. शिवाय ही तर माप घेऊन आलेली! मी म्हटलं, आज बघाच काका, तुमच्याशिवाय कसा धंदा होतो. सुतळी लावून एक देखणी, बारकी, काळी पेटी काढली. कोनाड्यात कशी छान बसेल तेही सांगितलं. खोकं बांधलं, पट्टी लावली, टोक मुडपलं. दहा मिनिटं लागली. संध्याकाळी काका आले, "कायी विकलं का?" म्हणाले. मी म्हटलं, "किरकोळ."

चौथ्या दिवशी सकाळी दहाला बाई लेकीला घेऊन पायरीवर उभी. सोबत चादरीत बांधलेलं मशीनचं सामान, ते खोकं आणि एक निळी पत्र्याची ट्रंक. टोळीचा ट्रक एक वाजता निघणार होता आणि सामान घेऊन तिला परस्पर तिकडेच जायचं होतं.

"पोरीला जोडता येईना," ती म्हणाली. "आतली पाटी मावंना झालीय. जरा बसवून द्या."

काकांनी चादर सोडली, पाटी हातात घेतली, पाकिटातून कागद काढून तिच्यावर धरला. "मोठी हाय," म्हणाले. मग खोकं जवळ ओढलं. पट्टी एका बाजूने सोडलेली होती. तिच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि पेटी बाहेर काढून पाटी तिच्यावर ठेवली. चार बोटं बाहेर.

"कुणी दिली ही पेटी?"

मी काउंटरमागे माऊसची खोकी नीट रचत होतो. ती आधीच नीट रचलेली होती. बाईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर कदाचित मी बोललोही असतो.

"कुणी का दिली असंना," ती म्हणाली. "माप म्या दिलं. कोनाडा मोजला अन् पाटी मोजायची ऱ्हायली. चूक माझी हाय."

'मी दिली.' दोन शब्द. त्यांना लागतो तेवढा वेळ माझ्यापुढे होता. तो गेला.

मी घाईघाईने म्हणालो, "मोठी पेटी सध्या शिल्लक नाही, काका. उद्या नांदेडहून मागवतो."

"उद्या आमी इथं नसू, दादा," बाई म्हणाली. आणि मग तिने जे सांगितलं ते सुतळी घेऊन आली तेव्हाही तिने सांगितलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं. नवऱ्याच्या मनात पोरीला यंदाही ऊसतोडीला न्यायचं होतं. एकटी पोर खोली घेऊन राहते, तिच्यावर भरवसा ठेवायचा कसा, शिकते का नुसती बसते ते कळायचं कसं. बाईने भांडून कबूल करून घेतलं होतं, की मशीन चालू होऊन घरात आलं तर पोरगी राहील, न्हाईतर ट्रकात बसंल. "त्याला चालू झालेलं दिसलं पायजे. एकच्या आत."

मी मोटारसायकलची किल्ली उचलली. "मी नांदेडला जाऊन येतो."

"जायचं, यायचं, वर बसवायचं. एक वाजतो का त्यात?" काका म्हणाले. ते आता टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत फेऱ्या घालत होते.

पोरगी हळूच म्हणाली, "काका, नुसतं पुठ्ठ्यावर ठिवून चालवलं तर? मोबाईलवर दाखवतेत तसं."

"अन् पाणी सांडलं? उंदीर आला? तुझी आई सहा महिने न्हाई इथं. उघड्यावर न्हाई ठिवायचं."

बाईचा फोन वाजला. मुकादम होता. तिने तो न उचलता कमरेला खोचला. काका फेऱ्या घालत होते. मी घड्याळ बघत होतो. परत फोन. आणि दाराशी वळताना काकांचा पाय त्या निळ्या ट्रंकेवर असा आदळला, की त्यांच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही. अंगठा धरून ते एका पायावर उभे राहिले. मग खाली वाकले. वीत पसरून ट्रंकेची लांबी बघितली. मग रुंदी.

"ह्यात काय हाय?"

"संदुकीत? लुगडी हायती. तवा, भांडे, पीठ."

"मोकळी करा."

काहीही न विचारता बाईने झाकण उघडलं आणि सहा महिन्यांचा संसार माझ्या दुकानाच्या फरशीवर काढून ठेवला.

पुढच्या अडीच तासांत काकांनी जे केलं तसं काम मी आधी पाहिलं नव्हतं. कागदाचा आकार त्यांनी ट्रंकेच्या तळाला माझ्याच चिकटपट्टीने चिकटवला, नऊ भोकांवर खिळ्याने खुणा ठोकल्या आणि ड्रिल लावलं. मी ट्रंक दाबून धरली. ड्रिलची थरथर कोपरापर्यंत यायची. नऊ भोकं, नऊ खुंट्या, खालून नट. मागच्या बाजूला वायरी लावायच्या जागेसाठी पत्रा कापायच्या कात्रीने एक खिडकी, पॉवर सप्लायसाठी दुसरी, वारा खेळायला बाजूने उंदीर शिरणार नाही इतक्या बारक्या भोकांच्या रांगा. वर झाकण होतंच, त्यामुळे आता कोनाड्याचीही गरज उरली नव्हती. कापलेल्या कडांना धार होती. त्या घासायचं काम माझ्याकडे. कानस सटकून माझं बोट फाटलं, मी ते तोंडात धरून घासत राहिलो. कुणाला सांगावंसं वाटलं नाही. खरं तर जरा बरंच वाटलं. पोरगी स्क्रू मोजून देत होती. बाई लुगडी चादरीत बांधत होती, गाठ मारत होती, सोडत होती, परत मारत होती. फोन वाजायचा थांबला की आम्ही सगळे दचकायचो.

एकला दहा कमी असताना काकांनी तार लावली आणि बटण पोरीकडे दिलं.

"दाब."

पंखा फिरला. मी वास घेत होतो, जळका येतो का. काका वास घेत नव्हते. पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मग चित्र आलं. बाईने पदर तोंडाशी नेला.

"झालं?" ती म्हणाली.

मला वाटलं, आता काका सगळं उघडतील. खुंटी राहिली का बघतील. ते हसले. सात वर्षांत मोजून दोनतीनदा पाहिलं असेल ते हसू. "ह्यात जास्तीची खुंटी येईल कुठून? जादा भोकच न्हाई पाडलं."

बाई फोन उचलेना म्हणून मुकादमाने ट्रक दुकानापर्यंतच आणला होता. बाहेर त्याचा हॉर्न वाजला. नवरा उतरून आला, उंच, वाळलेला, कपाळावर आठ्या. तो पडद्याकडे बघायच्या आधी ट्रंकेकडे बघू लागला.

"ही तर आपली संदूक हाय."

"व्हय," बाई म्हणाली. "आता तिची हाय."

तो वाकला. पोरगी आत बोट दाखवून एकेक सांगत गेली, हा पंखा, ही मेमरी, ही पाटी, इथं सगळं चालतं. किती कळलं कोण जाणे. पण ती न अडखळता बोलत होती आणि तो तिच्या बोटाकडे नाही, तोंडाकडे बघत होता. पाठीमागे हॉर्न वाजतच होता.

"मग ऱ्हा," तो म्हणाला, आणि लुगड्यांचं गठुडं उचलून ट्रकाकडे गेला.

बारकी काळी पेटी दुकानातच राहिली. तिचे पैसे मी नंतर पोरीच्या हातात ठेवले, काका चुडाव्याला गेलेले बघून. आणि पेटी खोक्यात घालून माळ्यावर टाकली, नजरेआड. पण दर दिवाळीला दुकान झाडताना काका ते खोकं खाली काढायचे, फडक्याने पुसायचे, माझ्यासमोर काउंटरवर ठेवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा वर ठेवायचे. मला वाटायचं, यांचं हेही एक वेड. बाकीची अडगळ कधी पुसली नाही ती!

पोरगी डिप्लोमा झाली, नोकरीला लागली. तिने नवी पेटी घेतली, तीही बोर्डाचा कागद स्वतः कापून आणून. ट्रंक परत आईकडे गेली. भोकं पडल्यापासून लुगड्यांना कुबट वास येत नाही, असं बाई म्हणते. ती दोघं अजून ऊसतोडीला जातात.

चार वर्षं झाली त्या गोष्टीला. या दिवाळीनंतर काकांचा हात थरथरायला लागला. स्क्रू धरला की खाली पडायचा, आणि पडलेला स्क्रू शोधताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. लेकीने सिकंदराबादला बोलावलं. तीच लेक, वही घेऊन बसलेली. मी त्यांना सोडायला पूर्णेच्या स्टेशनवर गेलो. गाडी लेट होती. ते फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होते, मी पिशवी घेऊन मागे. चहा आला, हात हलत होता म्हणून थोडा सांडला, उरलेला त्यांनी तसाच गरम घशाखाली घातला. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून माझ्यापुढे धरला.

"घ्या मालक. तुमचा हाय."

तो हातात घेतला आणि मला राहवेना. "काका, ती बारकी पेटी मी विकली होती. बोर्ड विचारला नाही."

ते थांबले. फलाटावर पहिल्यांदाच.

"ठावं हाय मला. पट्टीचं टोक मुडपलेलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बगत व्हतो," ते म्हणाले.

चहा निवायची वाट न बघणारा माणूस. विंडोज टाकून होईपर्यंत दम न धरणारा, भरल्या ताटावरून उठून जाणारा. तो चार वर्षं माझी वाट बघत उभा होता, माझ्यापासून पाच हातांवर, आणि दर दिवाळीला ते खोकं माझ्यासमोर आणून ठेवत होता.

"अन् मला काय सांगता?" ते पुढे म्हणाले. "माझं काय गेलं? माप म्या दिलं म्हणाली ती. तुमची चूक तिनं डोक्यावर घेतली अन् तशीच ट्रकात बसली. तिला सांगा. फोनवर न्हाई, समोर."

गाडी आली. डब्यात चढल्यावरही ते दारातच उभे राहिले. सिकंदराबादपर्यंत तसेच गेले असतील, मला शंका नाही.

मी दुसऱ्या दिवशी बाईच्या गावाला गेलो. घराला कुलूप होतं. टोळी आठ दिवसांपूर्वीच गेली, शेजारी म्हणाले, आता उन्हाळ्यातच येतील.

एक्स-रेचं पाकीट खिळ्याला तसंच आहे. बारकी पेटी माळ्यावरून काढून मी काउंटरवर ठेवली आहे, कुणी मागितली तरी देत नाही. उन्हाळ्याला अजून तीन महिने आहेत. दुकानात माझा जीव थाऱ्यावर नसतो, खुर्चीवर आता माझी पिशवी असते, आणि रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की मी दारात जाऊन बघून येतो. परवा चहा आला तर बशीची आठवणच झाली नाही. उभ्यानेच प्यायलो, तोंड चांगलंच पोळलं.